रंग राहू द्या, चाल दाखवा

मी तुमची सहयोगिनी बोलतेय. मागच्या वेळी आपण गटाच्या वह्यांबद्दल बोललो होतो. आज विषय जरा वेगळा आहे. गटाच्या कर्जातून कुणी शेळी घेतली, कुणी म्हैस, कुणी शिलाई मशीन, हे आपण नेहमी ऐकतो. आज मी घोड्याबद्दल बोलणार आहे.

हसू नका. आमच्या कर्जत-नेरळकडे, माथेरानच्या पायथ्याला, घोडा हे बऱ्याच घरांचं पोट आहे. वर मोटारींना बंदी. गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात. तिथून पुढे झाडीतले लाल मातीचे रस्ते, आणि त्यावरून पाहुण्यांना एको पॉइंट, लुईझा पॉइंट, शार्लोट तलाव दाखवत फिरणारे घोडे.

चार वर्षांपूर्वी आमच्या एका गटातल्या वहिनींनी घोड्यासाठी ५० हजारांचं कर्ज मागितलं. घरात परवाना होता, दादांचा आधीचा घोडा म्हातारा होऊन गेला होता. गटात बारा जणी. मी त्या बैठकीला हजर होते. पंचसूत्री तपासली, हप्ता ठरवला, जामीन कोण ते लिहून घेतलं. घोडा कोण बघणार आणि कसा बघणार, हे मात्र एकीनेही विचारलं नाही. मीही नाही. म्हैस घ्यायची असती तर आम्ही दोन वेळचं दूध स्वतः काढून बघितलं असतं. घोड्याच्या वेळी "ते पुरुषांचं काम" म्हणून सगळ्या गप्प.

दादा एका बाजारातून घोडा घेऊन आले. पांढराशुभ्र, गळ्याला देवमण. देवमण म्हणजे केसांचा शुभ मानलेला भोवरा. घरच्यांचे १५ हजार घालून ६५ हजारांना घेतला. आम्ही ओवाळलं, पेढे खाल्ले. आठव्या दिवशी तो पुढच्या उजव्या पायाने लंगडायला लागला. पशुवैद्यक डॉक्टर आले, त्यांनी खूर बघितला, तोंड उघडून दात बघितले. म्हणाले, दुखणं जुनं आहे, विकताना इंजेक्शन देऊन दाबलं असणार. आणि वय सहा वर्षं सांगितलं होतं, ते पंधराच्या आसपास निघालं.

औषधपाणी करून तो थोडा चालू लागला, पण त्याच्या पाठीवर कुणी टिकेना. इतका हादरे देत पळायचा की माणसं अर्ध्या वाटेत "थांबवा हो" म्हणून उतरायची. एक लहान मुलगी रडत उतरली, तेव्हा तिच्या वडिलांनी पैसे तर दिले नाहीतच, वर दादांना चार शब्द सुनावले.

पाच हप्ते आले, सहावा आला नाही. साडेसदतीस हजार मुद्दल अडकलं. वहिनी दोन महिने बैठकीला फिरकल्या नाहीत. गटातल्या दुसऱ्या एका ताईंच्या मुलीची नर्सिंगची फी त्या परतफेडीतून द्यायची ठरली होती. ती फी भरायला त्या ताईंनी कानातलं गहाण ठेवलं. घोडा एका घरचा फसला, पण कानातलं दुसऱ्याच घरचं गेलं. त्या बैठकीत जे बोलणं झालं ते मी रेडिओवर सांगत नाही.

मग मी वहिनींना घेऊन एका चाचांकडे गेले. चाळीस वर्षं माथेरानला घोडे सांभाळलेला माणूस. मी वही काढली तर म्हणाले, "बेटी, लिहू नको, आधी ऐक." त्यांनी ओसरीवरच्या पत्र्याच्या डब्यावर बोटांनी वाजवून दाखवलं. मीही तुम्हाला टेबलावर वाजवून दाखवते.

हे ऐका: टप्‌टप्... टप्‌टप्... टप्‌टप्. ही दुडकी चाल. पुढचा एका बाजूचा पाय आणि मागचा दुसऱ्या बाजूचा, असे दोन पाय एकदम पडतात. मग क्षणभर घोडा हवेत असतो, मग उरलेले दोन एकदम. तो हवेतून जमिनीवर येतो तेव्हा आपण खोगिरावर आपटतो.

आता हे ऐका: टप-टप-टप-टप, टप-टप-टप-टप. ही रवाल चाल. कुणी रेवाल म्हणतं. चारही पाय एकामागून एक, सारख्या अंतराने पडतात. जमिनीवर कुठला ना कुठला पाय असतोच, म्हणून धक्का बसत नाही. डोक्यावर दोन हंडे घेऊन आपण चालतो तेव्हा कशा चालतो? पावलं भराभर, कंबर हलते, पण मान स्थिर. तसंच हे. मारवाडी आणि काठियावाडी जातीच्या घोड्यांत ही चाल आढळते. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, ते हे घोडे. पण कान वळलेले म्हणजे चाल असणारच, असं नाही. दलाल आपल्याला कान दाखवतो. आपण पाय ऐकायचे.

चाचांची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. ते म्हणाले, बाजारात जो रवाल घोडा दाखवतात तो वाऱ्यासारखा पळवतात, लगाम खेचून, मान ताठ करून. बघणारा खूश होतो. पण आपला घोडा पाहुण्याला घेऊन डोंगरातल्या वाटेने जाणार, बऱ्याच वेळा साध्या कदम चालीने. म्हणून तीन गोष्टी बघायच्या. कदम चाल लांब आणि मोकळी आहे का, लगाम सैल सोडला तरी तो हळू रवाल चालतो का, आणि उतारावर पाय जपून टाकतो का. नुसती वेगात रवाल असलेला गरम डोक्याचा घोडा शर्यतीवाल्याला लखलाभ. पहिल्यांदा घोड्यावर बसणाऱ्या शाळकरी पोराला तो चालत नाही.

दुसऱ्या कर्जाला गटात तिघी विरोधात होत्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शेवटी अट पडली: घोडा निवडायला वहिनी स्वतः जातील, सोबत गटातल्या दोघी जातील, आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत. बारावी सही कानातलं गहाण ठेवलेल्या ताईंची होती. त्यांनी ती केली आणि वर म्हणाल्या, "मीच येते बघायला."

मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताचं देऊळ आणि घोड्यांचा मोठा बाजार. आम्ही चौघी, दादा आणि चाचा रात्रीच्या बसने धुळ्याला, तिथून दोंडाईचामार्गे पोचलो. इतके घोडे मी आयुष्यात बघितले नव्हते. काही नाचणारे, काही लाखांच्या बोलीचे, पायात चांदीचे तोडे घातलेले. पहिला दिवस आमचा नुसता तोंडात बोट घालून फिरण्यात गेला. चाचा म्हणाले, ते बरंच झालं, पहिल्या दिवशी कधी घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. दलाल दादांशी बोलायचे, वहिनी पुढे आल्या की "ताई, लांब उभ्या राहा" म्हणायचे. पंचकल्याणी आहे, म्हणजे चार पाय आणि कपाळ पांढरं, घरात बरकत येईल, असं एकजण सांगत होता. वहिनी म्हणाल्या, "रंग राहू द्या दादा, चाल दाखवा. आणि इथे मातीत नको, तिकडे डांबरी रस्त्यावर चला." मऊ मातीत लंगडा पाय लपतो. कडक रस्त्यावर दोर सैल धरून घोडा दुडकीने पळवला की डोक्याकडे बघायचं. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. हे एकदा बघितलं की विसरत नाही. त्या रस्त्यावर आमचे पाच घोडे बाद झाले. दोन मालक तर रस्त्यावर यायलाच तयार झाले नाहीत.

दातांचं सांगते, कारण वय इथे कळतं. घोड्याचे पुढचे दुधाचे दात जोडीजोडीने पडतात. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण. पुढे खालच्या दातांवरचे काळे खड्डे झिजत जातात आणि आठ वर्षांच्या आसपास बुजतात. त्यानंतरचं वय अंदाजाने सांगावं लागतं, आणि थापा तिथेच चालतात. पाहुण्यांच्या कामाला सहा ते दहा वर्षांचं जनावर बरं. तोंड बघताना ओठांचे कोपरेही बघा. तिथे जुने व्रण असतील तर त्याला कडक लगामाने चालवलेलं आहे.

आम्हाला एक घोडी आवडली. साधी, तांबूस तपकिरी, देवमण नाही, कपाळावर चांद नाही. मालक जवळच्याच एका गावचा शेतकरी, घरचं जनावर. चाचांनी डोळे मिटून पाय ऐकले आणि मान हलवली. मग ते वहिनींना म्हणाले, "बस." दहा वर्षं वहिनींनी घोड्यांना दाणा घातला, खरारा केला, लीद काढली, पण पाठीवर कधी बसल्या नव्हत्या. सलवार घालून आल्या होत्या, बसल्या. चाचांनी त्यांच्या हातात पाण्याने भरलेला पेला दिला आणि घोडी दोराने धरून रवाल चालवली. वहिनी परत आल्या तेव्हा पेल्यात बोटभर पाणी कमी होतं. ते घोडीमुळे की हसण्यामुळे, त्यावर आमचा अजून वाद आहे. त्यानंतर तापीच्या काठाचा उतार चढवला, उतरवला. बाजूने मोटारसायकलचा हॉर्न वाजवला. कान फिरवले, पण बुजली नाही.

तरी त्या दिवशी पैसे दिले नाहीत. संध्याकाळी बघितली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, न सांगता, उजाडायच्या आत परत बघायला गेलो. दाबलेलं दुखणं अशा वेळी उघडं पडतं. घोडी ठाणावर निवांत उभी होती, खूर गार. मग डॉक्टर आणले. त्यांनी डोळे, छाती, चारही पाय तपासले, टेपने छातीचा घेर मोजून वजन साधारण ३२० किलो सांगितलं. घोड्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार टाकू नये, खोगीर धरून. म्हणजे ६४ किलो. खोगीर आठ किलोंचं धरलं तर माणूस ५५च्या आसपासच. आता वजनदार पाहुणा आला की वहिनी हात जोडून त्याला दुसऱ्याच्या मोठ्या घोड्याकडे पाठवतात. शेजारचे हसतात. हसू देत.

रक्ताच्या तपासणीचं विसरू नका. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्यांना होतो, तो माणसालाही लागतो. तपासणीत जनावर बाधित निघालं तर त्याला मारावं लागतं. तपासणीचा कागद मालकाकडे होता, तो डॉक्टरांनी वाचून खरा केला, मगच पुढे गेलो.

भावाच्या वेळी मजा झाली. मालकाच्या बाजूच्या दलालाने रुमाल पुढे केला, त्याखाली बोटं दाबून भाव करायला. वहिनी म्हणाल्या, "तोंडाने बोला, आम्हाला गटाच्या वहीत लिहायचंय." एक लाख दहा हजारांपासून ८२ हजारांवर आलो. बाजाराची पावती वहिनींच्या नावावर केली, दादांच्या नाही. दादा काही बोलले नाहीत.

घरी आणल्यावर तीन आठवडे घोडी वेगळी बांधली. खाणं एकदम बदललं नाही, तिकडचा चारा थोडा सोबत आणला होता, तो आठ-दहा दिवस आपल्या गवतात मिसळत गेलो. घोड्याला पोटशूळ झाला तर रात्रीत जीव जाऊ शकतो. धनुर्वाताचं इंजेक्शनही दिलं, कारण घोड्याला धनुर्वात पटकन होतो.

आता दोन हंगाम झाले. दुसऱ्या कर्जाचे हप्ते वेळेवर आहेत, पहिल्याचे नऊ हजार राहिलेत. ताईंचं कानातलं सुटलं. आणि तो पहिला पांढरा घोडा? नात्यातल्या एकाने सुचवलं होतं, इंजेक्शन द्या आणि पुढच्या बाजारात काढून टाका, तुम्हाला फसवलं तसं. वहिनींच्या सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. घोडा दारातच आहे. त्याच्या चाऱ्यावरून घरात अधूनमधून कुरबूर होते, पण गवत कापून आणतात त्या सासूबाईच.

पुढच्या वेळी जनावरांच्या विम्याबद्दल बोलू. पॉलिसीत पाय निकामी झाल्याचे पैसे मिळतात की फक्त मेल्याचे, हे आपापल्या कागदावर तोपर्यंत वाचून ठेवा. नमस्कार.