कुरणातली शाळा



मी सातवी शिकलेली, भाषणाची सवय नाही. माहेरी गुरांपायी माझी शाळा सुटली. म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची हकीकत वाचताना डोळे भरून आले. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा बाईंनी शाळाच कुरणात नेली. हिशेब शिकायचा तो खडे, बिया, पाने मोजून!

आपल्या मुलुंडला डोंगर दाराशी, अन् मुले घरात कोंडलेली. (कपडे मळतात म्हणे!) गेल्या रविवारी चौघांना पायथ्याशी नेले. पळसाची पाने मोजताना धाकटीने विचारले, "दर वेळी तीनच का गं?" मला उत्तर आले नाही. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत. कोण कोण मुले पाठवता?