आधी धुराडं, मग इन्सर्ट

आजचा विषय ऐकून पुण्या-कोल्हापुरात बसलेले म्हणतील, आम्हाला काय करायचंय? थांबा थोडं. आज बोलायचंय घरात लाकूड जाळण्याबद्दल. म्हणजे जुन्या घरातल्या फायरप्लेसमध्ये बसवायचा लाकडाचा इन्सर्ट कसा निवडायचा, त्याबद्दल. तुमच्यातले जे बॉस्टन, न्यू हॅम्पशायर, टोरांटो या बाजूला आहेत आणि जुनं घर घ्यायच्या विचारात आहेत, त्यांना हे थेट कामाचं आहे. बाकीच्यांसाठी यात बंब आहे, चूल आहे आणि धूर शेवटी जातो कुठे हा प्रश्न आहे. तो आपल्या सगळ्यांचाच आहे.

मी न्यू हॅम्पशायरमध्ये राहते. हॉलमध्ये विटांची मोठी फायरप्लेस आहे. घर बघायला येणारा प्रत्येक जण आधी तिचाच फोटो काढतो. पण खरं सांगू का, उघडी फायरप्लेस दिसायला जितकी उबदार, तितकीच कामाला थंड. लाकडातल्या उष्णतेपैकी दहा टक्क्यांच्या आसपासच खोलीला मिळते. बाकीची वर जाते. वर जाताना ती खोलीतली गरम हवाही ओढून नेते, आणि तिच्या जागी खिडक्यादारांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. शेकोटीसमोर पाय भाजतात आणि पाठीमागच्या खोलीत दात वाजतात, ते यामुळे.

इन्सर्ट म्हणजे काय? लोखंडाची बंद पेटी, पुढे काचेचं दार, जी त्या विटांच्या कोनाड्यात सरकवतात. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हे लगेच कळेल. बंबात आग पोटात आणि पाणी भोवती. त्यामुळे उष्णता बाहेर पळायच्या आधी पाण्याला भेटते. इन्सर्टमध्ये आग पोटात आणि हवा भोवती. बस, एवढंच. चांगला इन्सर्ट सत्तर-पंचाहत्तर टक्के उष्णता घराला देतो.

आता मला तो का हवा होता? दिसायला छान म्हणून नाही. डिसेंबर २००८ मध्ये इथे बर्फाचं वादळ झालं. पाऊस पडता पडता तारांवर, फांद्यांवर गोठत गेला आणि सगळं मोडून पडलं. एकट्या न्यू हॅम्पशायरमध्ये चार लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि काही ठिकाणी ती यायला दोन आठवडे लागले. आमच्या भागातले जुने लोक अजून त्याच्या गोष्टी सांगतात. इथे बरीच घरं तेलाच्या बॉयलरवर गरम होतात. टाकीत तेल भरलेलं असलं तरी बॉयलरचा बर्नर आणि पंप विजेवरच चालतो. वीज गेली की घर गार. बाहेर उणे पंधरा असताना पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतात. त्यामुळे एक खोली तरी विजेशिवाय गरम राहिली पाहिजे, ही माझी गरज होती.

दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, कोणतं मॉडेल? मी म्हणते, तो प्रश्न शेवटचा. क्रम असा ठेवा: आधी धुराडं, मग जळण, मग इन्सर्ट.

धुराडं का आधी? जुनी धुराडी उघड्या आगीसाठी बांधलेली असतात, मोठ्या नळीची. आतून समजा बारा बाय बारा इंच. इन्सर्टला लागतो साधारण सहा इंची गोल पाइप. म्हणजे जुन्या नळीचं क्षेत्रफळ गरजेच्या चौपटीहून जास्त. इन्सर्टचा धूर कमी आणि तुलनेने थंड. तो एवढ्या मोठ्या नळीत रेंगाळतो, आणखी गार होतो आणि भिंतीवर चिकट काळा थर धरतो. त्याला म्हणतात क्रिओसोट. आपल्या चुलीवरच्या आढ्याला काजळी धरते ना, तिचाच हा डांबरी भाऊ. फरक एवढाच की हा पेट घेतो. धुराड्यात आग लागली तर आतलं तापमान हजार अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ शकतं. फरशीच्या नळ्या तडकतात आणि त्या तडेतून आग घराच्या लाकडी सांगाड्याला गाठते.

म्हणून इन्सर्टपासून थेट धुराड्याच्या टोकापर्यंत स्टेनलेस स्टीलचा लायनर टाकायचा. धुराडं घराच्या बाहेरच्या भिंतीला असेल तर त्या लायनरला इन्सुलेशनचं पांघरूणही हवं, नाहीतर धूर थंडच पडणार. शिवाय कोनाड्याच्या वर पत्रा ठोकून मोकळी जागा बंद करून घ्या, म्हणजे इन्सर्टची उष्णता धुराड्यात न चढता खोलीकडे येते. कोटेशनमध्ये या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून मागा: लायनर, इन्सुलेशन, पत्रा. "लायनरची काही गरज नाही, तसाच सरकवू" असं कोणी म्हणालं तर चहा पाजा आणि निरोप द्या.

हे सगळं करण्याआधी कॅमेरा आत सोडून तपासणी करून घ्यायची. एनएफपीए २११ नावाचं मानक आहे, त्यात याला लेव्हल टू तपासणी म्हणतात. घर विकताना किंवा नवीन उपकरण जोडताना ती करायची असते. मी घर घेताना तोच अहवाल आधी मागितला. त्यात दोन नळ्यांना तडे निघाले, आणि ते घराच्या किमतीत धरले गेले. नंतरही दरवर्षी एकदा तपासणी आणि गरजेप्रमाणे सफाई. गावाच्या ऑफिसातून परवाना आणि विमा कंपनीला कळवणं, हे दोन्ही विसरू नका.

दुसरं, जळण. आपल्याकडे म्हणतात सुक्याबरोबर ओलंही जळतं. इन्सर्टमध्ये उलटं होतं. एक ओला ओंडका टाकला की आधी त्यातलं पाणी उकळून जाण्यात उष्णता खर्च होते, आग मंदावते आणि शेजारचं सुकं लाकूडही धुमसायला लागतं. लाकडात ओल वीस टक्क्यांच्या आत हवी. ती मोजायचं छोटं मीटर स्वस्तात मिळतं. पण ओंडक्याच्या बाहेरून मोजू नका, बाहेरचा भाग नेहमी सुकाच दाखवतो. ओंडका फोडा आणि ताज्या फोडलेल्या अंगावर मोजा.

ओक म्हणजे इथलं राजेशाही जळण, पण ते वाळायला फोडून, रचून दोन वर्षं लागतात. ॲश आणि मेपल लवकर वाळतात. "सीझन्ड" म्हणून विकलेलं लाकूड वाळलेलंच असेल यावर जाऊ नका, मीटर बरोबर न्या. आणि जळण जवळपासचंच घ्या. ॲशची झाडं मारणारा हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि २०१३ मध्ये आमच्याकडे पोचला. तो लांबवर पसरला त्यात लोकांनी गाडीतून नेलेल्या जळणाचा मोठा हात आहे.

लाकूड मोजतात कॉर्डमध्ये. चार फूट बाय चार फूट बाय आठ फूट, म्हणजे १२८ घनफूट रचलेलं लाकूड. एक कॉर्ड सुका ओक चांगल्या इन्सर्टमध्ये जाळला की साधारण १५० गॅलन तेलाइतकी उष्णता घराला मिळते. तुमच्याकडचा तेलाचा आणि कॉर्डचा भाव घाला आणि स्वतः हिशेब करा. पण तीन कॉर्ड रचायला, ताडपत्रीने झाकायला आणि रोज आत आणायला जागा आणि पाठ दोन्ही आहेत का, हेही त्या हिशेबात धरा. नसेल तर गॅसचा इन्सर्ट बघा, त्यात काही कमीपणा नाही.

आता तिसरं, इन्सर्ट. आधी टेप घेऊन कोनाडा मोजा. पुढची रुंदी, मागची रुंदी, उंची, खोली. फायरप्लेस मागे निमुळती होत जाते, म्हणून फक्त पुढचं माप घेऊन चालत नाही. आकार निवडताना "मोठा तो चांगला" हा विचार सोडा. फार मोठा इन्सर्ट घेतला की खोली तापते, मग आपण हवा कमी करतो, मग आग धुमसते. धुमसणं म्हणजे धूर, काळी काच आणि क्रिओसोट. छोटी पण भडकून जळणारी आग कधीही बरी.

प्रकार मुख्य दोन. एकात वरच्या नळ्यांतून गरम हवा येते आणि धूर परत पेटतो. त्याला साधारण सहाशे अंश सेल्सियस लागतात. ज्वाळा सुंदर दिसतात, भानगड कमी. दुसऱ्यात कॅटॅलिटिक जाळी असते, मधमाशीच्या पोळ्यासारखी. ती अडीचशे-तीनशे अंशांनाच धूर जाळते, त्यामुळे मंद आग रात्रभर चालते. पण ती जाळी काही वर्षांनी बदलावी लागते आणि तिचा दांडा वेळेवर फिरवायची सवय लागते. रात्रंदिवस जाळणार असाल तर कॅटॅलिटिक, संध्याकाळपुरतं असेल तर साधा.

आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. इन्सर्ट विटांच्या कोनाड्यात बसतो, त्यामुळे उष्णता बाहेर ढकलायला बहुतेकांना पंखा असतो. पंखा विजेवर! म्हणजे ज्या दिवसासाठी घेतला त्याच दिवशी तो अर्धा. भिंतीशी सपाट बसणारा मॉडेल देखणा असतो, पण वीज गेल्यावर त्याची बरीच उष्णता कोनाड्यातच अडकते. मी सहा-सात इंच पुढे येणारा घेतला. पंखा बंद असला तरी काच आणि वरचा पत्रा खोली तापवतात आणि वर चहाचं आधण ठेवता येतं. पुढे आला की समोरची न जळणारी फरशीही तेवढी वाढवावी लागते, ते माप कंपनीच्या पुस्तिकेत असतं.

आता धुराकडे येते. माझी आई आजरा तालुक्यातली. लहानपणापासून चुलीसमोर बसलेली. आज तिला दमा आहे. हिवाळ्यात ती आमच्याकडे येते. मी तिला फोनवर समजावत होते, की आई, दार बंद असतं, धूर सगळा बाहेर जातो. ती म्हणाली, "धूर भाईर गेला म्हंजे संपला व्हय गं? शेजारणीच्या दारात गेला की त्यो."

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धं आहे. अमेरिकेत १९८८ पासून या उपकरणांच्या धुरावर नियम आहेत. मे २०२० पासून नवीन इन्सर्टला मर्यादा आहे ताशी दोन ग्रॅम सूक्ष्म कणांची, खऱ्या फोडलेल्या लाकडावर तपासला तर अडीच. नियमांआधीच्या जुन्या भट्ट्या ताशी पंधरा ते तीस ग्रॅम सोडतात. म्हणून सेकंडहँड स्वस्तात मिळाला तरी मागचं ईपीएचं लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. पण दोन ग्रॅम म्हणजे शून्य नव्हे. तो आकडाही प्रयोगशाळेतला. ओलं लाकूड टाकून हवा बंद केली की तोच इन्सर्ट चुलीसारखा धुमसतो.

मग आम्ही ठरवलं. रोजची ऊब विजेच्या हीट पंपावर. इन्सर्ट वीज गेली तर, किंवा कडाक्याच्या मोजक्या रात्री. आई असताना वीज आहे तोवर लाकूड नाही. हवा साचून राहिलेली असेल, धूर खाली बसत असेल, त्या दिवशीही नाही. प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, बॅटरीवर चालणारा. आणि राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घरापासून लांब. राखेतला निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहतो. तुमच्या घरात दमेकरी असेल आणि विजेची खात्री असेल, तर मी सरळ सांगेन, लाकूड नकोच.

आपण आगीचा फोटो बघून इन्सर्ट निवडतो. पण आग पंधरा मिनिटांत लागते. बाकी सगळं वर्षभराचं काम आहे. घ्यायचाच असेल तर या आठवड्यात एकच करा. दुकानात जाऊ नका, धुराडं तपासणाऱ्याला फोन करा. आणि जळण आत्ताच फोडून रचा, पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या हिवाळ्यासाठी.

चला, आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू. तोवर ऊबेत राहा, काळजी घ्या.