देशी भाषेची धास्ती

१८७८ साली लॉर्ड लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी वेगळा कायदा केला. मुद्रकाकडून मुचलका घ्यावा, मजकूर सरकारास न रुचला तर छापखान्याचे साहित्य जप्त करावे. आणि कोर्टात दाद नाही! इंग्रजी पत्रे मात्र मोकळी. १८८२ साली रिपनच्या कारकीर्दीत तो कायदा रद्द झाला; धास्ती गेली नाही. मराठी पत्र एकजण वाचतो आणि दहाजण ऐकतात, ही ती धास्ती. १९०८ साली ‘केसरी’तील लेखांवरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्यांतल्या कित्येकांना अक्षरओळखही नव्हती. मजूर ज्या भाषेत गाऱ्हाणे मांडतो, त्याच भाषेतले सत्य सत्तेला बोचते. ते छापणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे, हे आपले काम.