आड कुणाच्या अंगणात?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘क्लाउड की डेस्कटॉप?’ मघाशी चहा घेताना एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मला गाठलं. म्हणाल्या, “नातवाचे फोटो क्लाउडवर आहेत असं मुलगा सांगतो. क्लाउडवर म्हणजे नक्की कुठे हो?” मी लिहून आणलेल्या भाषणापेक्षा हा प्रश्न चांगला आहे. तेव्हा कागद खिशात ठेवतो आणि बाईंना उत्तर देतो.

आपल्याकडे म्हण आहे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ही म्हण ज्यांनी केली त्यांचा आड अंगणात होता. वाकून पाहिलं की पाणी किती ते कळायचं. आज पोहरा तेवढा आपल्या हातात आहे, म्हणजे हा मोबाइल, तो लॅपटॉप. आड कुठे आहे, कुणाचा आहे, याची आपण चौकशीच करत नाही.

आधी ऑपरेटिंग सिस्टीम काय करते ते पाहू. यंत्रात प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळं मोजकंच असतं आणि मागणारे मात्र पुष्कळ. तुम्ही पत्र टाइप करताय, मागे भीमसेनजींचं गाणं लागलंय, अँटिव्हायरस झडती घेतोय, आणि प्रत्येकाला वाटतं की यंत्र आपलंच. कुणाला किती वेळ द्यायचा, किती जागा द्यायची, कुणी कुणाच्या हद्दीत शिरायचं नाही, हे पाहणारा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम.

हा कारभारी आपल्या घरात फार उशिरा आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र बसवलं गेलं. इतर संस्थांमधले संशोधकही आपली गणितं त्यावर सोडवून घेत. ते दिवस पंचकार्डांचे. कार्डांचा गठ्ठा द्यायचा, छापील उत्तरासाठी नंतर यायचं, आणि एक भोक चुकलं असेल तर पुन्हा रांगेत उभं राहायचं. या रांगेवरचा उतारा १९६१ मध्येच अमेरिकेत एमआयटीमध्ये दाखवला गेला होता. फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरू देणारी प्रणाली चालवून दाखवली. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी तिथे म्हणाले, की टेलिफोनसारखी संगणनाचीही सार्वजनिक सेवा उद्या निघू शकेल. गंमत बघा, नळयोजनेची कल्पना घरच्या आडाच्या आधीची आहे.

आड अंगणात आला तो १९८१ मध्ये, आयबीएमच्या पीसीबरोबर. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि तो घरोघरी झाला. ते तेरा फ्लॉप्यांवरही मिळायचं. मधली एखादी फ्लॉपी रुसली की सगळं मुसळ केरात! पण एकदा बसलं की ते आपलं. फाइल आपल्या टेबलाखालच्या डब्यात. पाणी आपलं, गाळही आपणच उपसायचा.

त्या काळी माझा छापखाना होता. लेखक फ्लॉपी घेऊन यायचे. आम्ही ती उघडायचो तर पडद्यावर मराठीऐवजी चिन्हांचा चिवडा! कारण प्रत्येक मराठी फाँटची आतली मांडणी निराळी, आणि लेखकाचा फाँट माझ्या यंत्रात नाही. एका प्राध्यापकांनी तर शेवटी वैतागून आपला अख्खा सीपीयू रिक्षात घालून आणला होता. पोहरा भरेना म्हणून त्यांनी आडच उचलून आणला.

हा चिवडा क्लाउडनं निस्तरला असं मात्र समजू नका. तो निस्तरला सगळ्या यंत्रांसाठी अक्षरांची एकच मांडणी ठरवणाऱ्या युनिकोडनं. देवनागरी त्यात १९९१ पासून होती, विंडोज २००० मध्ये मराठीची सोय झाली, आणि आपल्याला सवय लागायला पुढे कैक वर्षं गेली. पण हे झालं नसतं तर क्लाउडवर मराठीला उभं राहायलाही जागा मिळाली नसती. आज लेखक न्यू जर्सीत, मुद्रितशोधक सांगलीत आणि संपादक पुण्यात असे तिघं एकाच मजकुरावर एकाच वेळी काम करतात. एकाचा लॅपटॉप बसमध्ये राहिला तरी लेख जागच्या जागी. हे सुख खरं आहे आणि मी ते रोज घेतो.

आता हा क्लाउडचा नळ आला कुठून? मार्च २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने साठवणीची जागा भाड्यानं द्यायला सुरुवात केली, एका जीबीला महिन्याला पंधरा सेंट. ऑगस्टमध्ये अख्खा संगणकच भाड्यानं निघाला, तासाला दहा सेंट. यामागची युक्ती पुणेकरांना लगेच कळेल. एका भल्यामोठ्या यंत्राचा वाडा करायचा आणि त्यात बिऱ्हाडं ठेवायची. प्रत्येक बिऱ्हाडात स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टीम, पुष्कळदा लिनक्स. शेजारी कोण राहतं, त्याला पत्ता नाही. म्हणजे क्लाउड आल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम संपली हे खरं नाही. ती आपल्या टेबलाखालून उठून वाड्यात राहायला गेली, आणि जी घरात राहिली तिचं काम दार उघडण्यापुरतं उरत चाललंय. २०११ मध्ये बाजारात आलेलं क्रोमबुक म्हणजे जवळजवळ नुसतं दारच.

हे वाडे ढगात नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत आपली केंद्रं सुरू केली, २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉन मुंबईत आलं. ऐरोली-महापेच्या बाजूला डेटा सेंटरच्या इमारती दिसतात. आत लोखंडी मांडण्यांवर रात्रंदिवस तापणारी यंत्रं आणि त्यांना गार ठेवणारी दुसरी यंत्रं. देशाबाहेरचा कारभार समुद्रतळावरच्या केबलींमधून चालतो. त्यातल्या कितीतरी वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात. नाव ढगाचं, पण सगळा मामला जमिनीचा आणि पाण्याखालचा.

आता भाडेकरूपण काय असतं ते ऐका. बाईंचे फोटो बहुधा गूगलच्या जागेत असतील. २०१५ मध्ये ती सेवा सुरू झाली तेव्हा थोडी कमी प्रत चालत असेल तर हवे तितके फोटो फुकट ठेवता येत. १ जून २०२१ पासून मोजणी सुरू झाली. नळाला मीटर बसला! आणि दोन वर्षं कुणी खात्याकडे फिरकलंच नाही, तर ते पुसण्याचा अधिकार कंपनीनं नियमात लिहून ठेवलाय. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेल्या काही पुस्तकांच्या हक्कांचा घोळ निघाला, तेव्हा ती वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली गेली. त्यात ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी होती. सत्ता लोकांच्या घरात डोकावते, याच विषयावरची!

बरं, आड अंगणात असला म्हणजे आपण पूर्ण मालक, तेही नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. यंत्र चालू, पण सुरक्षेच्या डागडुजीला नेहमीसारखं कुणी येणार नाही. दोर आपल्या हातात खरा, पण तो वळणारा दुसराच.

घरचा आड आणि लांबचा नळ या दोघांची गाठ कशी पडते ते १९ जुलै २०२४ ला जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल दूरवरून धाडली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून देण्याची वेळ आली. कंपनीनं दीड तासाच्या आत ती फाइल मागे घेतली. पण जी यंत्रं उठतच नव्हती त्यांना नवा निरोप पोचणार कसा? त्यातल्या पुष्कळ यंत्रांपाशी एकेक माणूस जाऊन बसला आणि त्यानं हातानं ती फाइल पुसली. बिघडवायला एक निरोप पुरला, दुरुस्तीला मात्र माणसाला यंत्रापर्यंत जावं लागलं. मला या विषयातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच वाटते. सोय लांब गेली की दुरुस्तीची शक्तीही लांब जाते.

म्हणून ‘क्लाउड की डेस्कटॉप’ हा प्रश्नच मला फसवा वाटतो. गावोगावी नळ आले तेव्हा लोकांनी घरचे आड कचऱ्यानं बुजवले, आणि दुष्काळात तेच आड उपसायला मजूर लावले. नळ नको असं तेव्हाही कुणी म्हणत नव्हतं.

तर बाई, तुमचे फोटो आहेत दुसऱ्याच्या वाड्यात, नियमानं भाडं भरून किंवा गूगलच्या फुकटच्या पंधरा जीबीत. खुशाल राहू द्या. मुलाला एवढंच सांगा, की वर्षातून एकदा, नातवाच्या वाढदिवसाला म्हणा, सगळे फोटो एका वेगळ्या डिस्कवर उतरवून दे. ती डिस्क आपल्या घरात ठेवू नका, बहिणीकडे ठेवा. फ्रान्समध्ये स्ट्रासबूरला मार्च २०२१ मध्ये एक डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांची दुसरी प्रतही तिथेच होती त्यांच्या हाती राख उरली. आणि खात्याचा पासवर्ड गॅसच्या पुस्तकाजवळ एका वहीत लिहून ठेवा. तुमच्या मागे नातवानं पोहरा सोडला, तर त्याला आड सापडायला हवा.