वारेतून आणि दुधातून



रक्तातील प्रतिपिंडे एका जातीची नसतात. नवा जंतू शिरला की प्रथम ‘एम’ वर्ग धावतो. पाचांची जोडलेली टोळीच ती! मागाहून ‘जी’ येतो आणि टिकून राहतो. ‘ई’ जंतांशी झुंजतो, अॅलर्जीचा उपद्रवही त्याच्याच पायी.

वार ओलांडून गर्भाला पोचतो तो ‘जी’ वर्ग. म्हणून गरोदर बाईला धनुर्वाताची लस टोचली की बाळही सुरक्षित होते. ‘ए’ वर्ग मात्र चिकातून, दुधातून येतो आणि बाळाच्या आतड्यात पहारा करतो. पावडरीच्या डब्यात तो मिळत नाही.

आता आपल्या मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी बाई घ्या. पोर फडाच्या कडेला झोळीत, पाणी मिळेल ते. हगवणीवरचा पहारेकरी आईपाशी आहे. सवड कुठे आहे? कायद्यात मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोनदा पाजायची सुटी आहे. पण मजुरी टनावर! पाजायला बसली की तेवढ्या मोळ्या कमी. करारात त्या दोन सुट्यांची भरपाई लिहून घेतली पाहिजे, आणि तीही कोयता उचलण्यापूर्वी.