नऊ रुपये भाड्याची खोली
(उत्रोली येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, 'शाळेनं काय दिलं त्यावर बोल.' शाळेनं मला वाचायची सवय दिली. दिवस संगणकापुढे जातो, पण रात्री जेवणं आटोपली की तासभर पुस्तक हातात असतंच. गेलं वर्षभर मी एकाच प्रकारची पुस्तकं वाचते आहे: आपला मुलूख सोडून परक्या शहरात राहिलेल्या लेखकांची.

सुरुवात पॅरिसपासून झाली. 1920 नंतर कितीतरी परदेशी लेखक तिथं जाऊन राहिले. आयर्लंडचे जेम्स जॉईस, अमेरिकेचे अर्नेस्ट हेमिंग्वे. हेमिंग्वेंच्या पहिल्या बिऱ्हाडात गरम पाण्याची सोय नव्हती, संडास जिन्यावर होता. म्हणजे आपली चाळच! त्या दिवसांवरचं त्यांचं पुस्तक 1964 मध्ये, ते गेल्यानंतर प्रसिद्ध झालं. आज त्या घराबाहेर पाटी आहे.

मग मी मुंबईकडे वळले. सआदत हसन मंटो 1936 मध्ये पंजाबातून मुंबईत आले, एका सिनेसाप्ताहिकाचे संपादक म्हणून. सुरुवातीला महिना नऊ रुपये भाड्याच्या खोलीत राहिले. खोलीत ना दिवा, ना पाणी. ढेकूण मात्र भरपूर. पुढे सिनेमाच्या कथा लिहिल्या, अशोककुमारांसारखे मित्र मिळाले. जानेवारी 1948 मध्ये ते लाहोरला गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये आपलं भोर संस्थान विलीन झालं. लाहोरला गेल्यावरही मंटो मुंबईच्याच माणसांवर लिहीत राहिले. 1955 मध्ये, वयाच्या अवघ्या 42 व्या वर्षी, ते गेले.

त्याच मुंबईत वाटेगावचे अण्णा भाऊ साठे राहत होते. लहानपणी घरच्यांबरोबर पायी चालत आलेले. गिरणीत राबले, 1944 मध्ये अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहिलं. 'फकिरा' 1959 ची. मुंबईला गेलेल्या नवऱ्याच्या तोंडची त्यांची छक्कड इथल्या आया-आज्यांना पाठ असायची, कारण ती त्यांच्याच घरची गोष्ट होती.

मित्रहो, हे वाचताना मला आपली माणसं आठवत राहतात. भोर-वेल्ह्यातले किती आजोबा, वडील, चुलते गिरणीत, गोदीत, हमालीवर होते! एका खोलीत गावची पंधरा-वीस माणसं. दिवसपाळीचा उठला की त्याच जागी रातपाळीचा पथारी टाकायचा. जेवण खानावळीत. भाताच्या लावणीला रजा काढून गावी यायचं, मनीऑर्डरवर घर चालायचं. 1982 च्या संपानंतर कितीतरी जण ट्रंक घेऊन कायमचे परतले. आपण तेव्हा पाळण्यात नाहीतर बालवाडीत होतो.

मंटोंच्या खोलीचं भाडं मला माहीत आहे. माझ्या आजोबांच्या खोलीचं माहीत नाही. खोली कुठल्या चाळीत होती, तेही आज घरात कुणाला सांगता येत नाही. आमच्या कामात, नोंद नसेल तर ती गोष्ट घडलीच नाही असं धरतात. तशी वेळ आपल्या माणसांवर येऊ नये.

म्हणून एक विनंती. आज घरी गेल्यावर वडिलांजवळ, आत्याजवळ, शेजारच्या नानांजवळ बसा. फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. गिरणी कुठली, चाळ कुठली, भाडं किती, खानावळवाल्या मावशी कुठल्या गावच्या, पहिला पगार किती, संपात दिवस कसे काढले, हे विचारा. भाषेची काळजी नको; ते बोलतील तसंच उतरवा. मराठीचे आपले सर इथं बसलेत, शुद्धलेखन ते तपासतील, लाल पेनानं! टाइप करून नीट लावायचं काम माझं. एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवू.

विचारायला माणसं आहेत, तोवर विचारू या.