सेरामपूरची आग आणि विल्यम केरी
११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी बंगालमधील सेरामपूरच्या मिशन छापखान्याला आग लागली आणि तीत कागदाचा साठा, अनेक भारतीय भाषांचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, आणि विल्यम केरी यांच्या बहुभाषी कोशाची हस्तलिखिते नष्ट झाली. १७९३ मध्ये भारतात आलेल्या या इंग्रज मिशनऱ्याने लहान मुलाचा मृत्यू आणि पत्नीचा मनोविकार सोसला होता. त्यांच्या कार्यातील पहिल्या हिंदू व्यक्तीच्या, कृष्ण पाल यांच्या, बाप्तिस्म्यासाठी, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणाऱ्या जलसंस्कारासाठी, केरी यांना सात वर्षे वाट पाहावी लागली होती.

आगीनंतर केरी यांनी बायबलमधील ४६ व्या स्तोत्रावर, देवाच्या इच्छेपुढे नमण्याविषयी, प्रवचन केले. परंतु असे नमणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, असा अर्थ त्यांनी घेतलेला दिसत नाही. ढिगाऱ्याखाली पोलादी ठसे, म्हणजे ज्यांवरून अक्षरांचे साचे घडतात ती मूळ कोरीव अक्षरे, शाबूत सापडली, तेव्हा वितळलेला धातू राखेतून गोळा करून नवे खिळे ओतण्याचे काम लगेच सुरू झाले. केरी यांचा धीर अशा रोजच्या, काहीशा रुक्ष कामावरच टिकला असावा. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी रचलेले मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये निघाला होता, म्हणून ती दोन्ही पुस्तके वाचली. जळालेला बहुभाषी कोश मात्र पुन्हा कधीच सिद्ध झाला नाही.